'घरी न्या' या दोन शब्दांनंतर

परळच्या रुग्णालयातून बाहेर पडून विरारची गाडी पकडणाऱ्या आईच्या कडेवर झोपलेले मूल असते, काखेत जाडजूड फाइल असते आणि पिशवीत औषधे असतात. 'आता घरी न्या' असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. हे दोन शब्द रुग्णालयात रोज उच्चारले जातात; मात्र त्यांचे अर्थ दोन आहेत. पहिला असा, की उपचार चांगले चालले आहेत, पुढचे काही महिने औषधे घरीच द्यायची आणि ठरल्या दिवशी तपासणीला यायचे. दुसरा अर्थ डॉक्टर खाली मान घालून सांगतात, आणि तो ऐकणाऱ्याला फोडून सांगावा लागत नाही. अर्थ कोणताही असो, त्या क्षणापासून रुग्णालयाचे निम्मे काम घरावर येऊन पडते. डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकी, सफाई कामगार आणि रात्रपाळीचा पहारेकरी या साऱ्यांचे काम एकटी आई करू लागते. तिला त्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते आणि तिला सुट्टीही नसते.

विरारच्या संदर्भात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील असंख्य घरे मोडली, काही गावी परतली आणि बरीचशी पश्चिम रेल्वेच्या टोकाला येऊन विसावली. लालबाग-परळची खोली विकून विरार-नालासोपाऱ्यात दीड खोली घेतलेल्या कुटुंबांची आता तिसरी पिढी येथे वाढते आहे. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला की हीच कुटुंबे आजोबांनी सोडलेल्या परळची वाट पुन्हा धरतात. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटरवर आहे. निरोगी माणसाला घामाघूम करणारा हा प्रवास केमोथेरपी घेऊन परतणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला कसा जात असेल, याची कल्पना करण्यास फार प्रतिभेची आवश्यकता नाही. लोकलच्या दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून कर्करोगग्रस्तांना प्रवासाची मुभा आहे. परंतु कित्येक पालकांना ती ठाऊकच नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना त्या डब्यात शिरता येईलच असे नाही.

रक्ताच्या कर्करोगाचेच उदाहरण पुढे नेऊ. लहान मुलांना सर्वाधिक होणारा हा कर्करोग आज बरा होणारा आजार आहे. प्रगत देशांत दहांपैकी जवळपास नऊ मुले त्यातून वाचतात. मात्र उपचार दोन ते तीन वर्षे चालतात आणि त्यांतील मोठा काळ मूल घरीच असते. या 'मेंटेनन्स'च्या काळात एक गोळी रोज द्यावयाची असते, तर मेथोट्रेक्सेट नावाची दुसरी गोळी आठवड्यातून एकदाच. दोन्ही गोळ्या लहानशा, पिवळसर आणि एकाच पिशवीत ठेवलेल्या. आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेली, तर ती प्राण घेऊ शकते. गोळीचा अर्धा तुकडा कसा करावा, ती हाताळल्यावर हात का धुवावेत, घरात कोणी गर्भवती असेल तर तिने ती का हाताळू नये, हे सारे स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी ठरते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी मेथोट्रेक्सेटच्या वारावर लाल गोल काढणारी आई ही या उपचारपद्धतीची शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची कडी आहे, पण वैद्यकीय अहवालात तिचा उल्लेख नसतो.

खरी परीक्षा तापाची असते. इतर मुलाला ताप आला की घरोघरी असते ती औषधाची बाटली काढावी आणि सकाळपर्यंत वाट पाहावी, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. ज्या मुलाच्या पांढऱ्या पेशी औषधांमुळे घटलेल्या आहेत, त्याच्या बाबतीत हीच रीत घातक ठरते. तापमापकाचा पारा १००.४ च्या वर गेला की रुग्णालय गाठावयाचे. आधी तापाचे औषध देऊन तो दडवावयाचा नाही, कारण कित्येकदा ताप हीच रक्तात पसरणाऱ्या जंतुसंसर्गाची एकमेव खूण असते. शिरेतून प्रतिजैविक किती लवकर सुरू होते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आता रात्री दीड वाजता विरार पूर्वेच्या चौथ्या मजल्यावर हा पारा चढला, असे समजावे. इमारतीला उद्वाहक नाही. शेवटची लोकल येऊन गेलेली आहे आणि पहिली सुटण्यास अवकाश आहे. महामार्गाने जावे तर वसई खाडीच्या पुलापाशी आणि घोडबंदरच्या तोंडाशी मध्यरात्रीही अवजड वाहनांच्या रांगा लागतात. खिशात रिक्षापुरते पैसे. वडील औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गाळ्यात रात्रपाळीला. अशा वेळी एकटी बाई काय करील? ती शेजारचे दार ठोठावते. ते दार उघडते का, आणि उघडणाऱ्याला आपण नेमके काय करावयाचे हे ठाऊक असते का, हाच येथे प्रश्न आहे.

दार बहुधा उघडते. मराठी माणसाच्या शेजारधर्माबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. उणीव आहे ती त्या शेजारधर्माला वळण देण्याची. आजारी मुलाला 'बघायला येणे' हा आपल्याकडील पवित्र परिपाठ. दहा-बारा माणसे एकाच संध्याकाळी येतात. त्यांतील एकाला सर्दी असते, दुसऱ्याच्या घरी नातवाला कांजिण्या उठलेल्या असतात. सारे मुलाच्या गालाला हात लावतात, कापलेली फळे पुढे करतात, 'कोणाची दृष्ट लागली का?' असे विचारतात, चहा पितात आणि डोळे पुसत जातात. नंतर कपबशा विसळणारी आईच. त्या दहा माणसांपैकी एकाने जरी दुपारी दोन तास मुलापाशी बसून तिला झोपू दिले असते, दुसऱ्याने थोरल्या मुलीला शाळेतून आणले असते आणि तिसऱ्याने पिण्याचे पाणी उकळून, गाळून भरून ठेवले असते, तर त्या भेटीचे सार्थक झाले असते. वसई-विरारमधील कित्येक इमारती वर्षानुवर्षे टँकरच्या पाण्यावर जगल्या आहेत. प्रतिकारशक्ती गमावलेल्या मुलाच्या घरी हंडाभर शुद्ध पाणी ही फळांच्या टोपलीहून मोठी भेट होय. जीवदानीच्या पायऱ्या चढून नवस बोलणाऱ्या आजीच्या श्रद्धेला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती श्रद्धा त्या घराला उभे ठेवते. मात्र गडावरून आणलेला अंगारा कपाळी लावावा, पाण्यात कालवून मुलाच्या पोटात जाऊ देऊ नये, एवढे तिला प्रेमाने सांगणारा कोणीतरी घरातच हवा.

गडचिरोलीने घातलेला धडा

घर ही उपचाराची जागा होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने साऱ्या जगाला दिलेले आहे, हे महाराष्ट्रालाच फारसे ठाऊक नसते. नव्वदच्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग केला. त्या काळी वैद्यकीय पुस्तक सांगे, की जंतुदोष झालेल्या नवजात बाळाला रुग्णालयात दाखल करावे. गडचिरोलीत रुग्णालय दूर, वाट जंगलाची, आणि बाळंतिणीला घराबाहेर नेण्यास कुटुंबाची तयारी नाही. मग गावातीलच जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. खेड्यातली बाई इंजेक्शन देते म्हणून नाके मुरडणारे गप्प झाले. २०११ पासून हीच पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबविण्यात येऊ लागली.

मात्र शासकीय योजनेला मुदत असते. जन्मानंतर ४२ व्या दिवसापर्यंत आशा ताई ठरल्या दिवशी घरी येतात. २०१८ नंतरच्या योजनेनुसार तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी ठरविण्यात आल्या. त्यानंतर? दोन वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया निघाला, अडीच वर्षांच्या मुलीला मेंदूचा पक्षाघात आहे असे कळले, चौथ्या वर्षी कर्करोगाने गाठले, तर त्या घराचे दार सरकारी वहीतून निघून जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने हजारो गरीब कुटुंबांना कर्जबाजारी होण्यापासून वाचविले, हे मान्य करावेच लागेल. पण ती योजना खाटेशी बांधलेली आहे. मूल खाटेवर असेपर्यंत खर्च सरकारचा, आणि खाट सोडली की प्रवास, पौष्टिक आहार, नळीवाटे भरविण्याचे साहित्य, भाड्याचे प्राणवायू यंत्र हे सारे खिशातून. गडचिरोलीच्या पाड्यावर जे पोहोचले, ते विरारच्या चौथ्या मजल्यावर पोहोचत नाही.

वेदनेचा हिशेब

आता 'घरी न्या'च्या दुसऱ्या अर्थाकडे वळले पाहिजे. हा विषय निघाला की माणसे आवाज खाली आणतात. 'बरे होणार नाही' याचा अर्थ 'करण्यासारखे काही नाही' असा घेतला जातो आणि तेथेच अनर्थ होतो. करण्यासारखे पुष्कळ असते. वेदना थांबविता येतात, धाप कमी करता येते, उलट्या आवरता येतात, मुलाला स्वतःच्या अंथरुणावर, स्वतःच्या भावंडांत, आवडीच्या खेळण्यासह ठेवता येते. याला उपशामक सेवा म्हणतात आणि ती उपचार संपल्यावर नव्हे, तर आजाराच्या निदानापासूनच सुरू व्हावी असे आता जगभर मानले जाते.

लहान मुलांना वेदना फारशा कळत नाहीत, हा समज केवळ आपल्या आजीबाईंचा नव्हता. १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील नामांकित रुग्णालयांतही नवजात बालकांच्या शस्त्रक्रिया अत्यल्प भूल देऊन केल्या जात. हा समज शास्त्रीय पुराव्यानिशी खोडून काढला तो इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी, १९८७ मध्ये. पुरेशी भूल दिलेली बाळे शस्त्रक्रियेनंतर अधिक चांगली सावरतात, हे त्यांनी दाखवून दिले. भारतीय डॉक्टरने जगाला बालकाची वेदना ओळखण्यास शिकविले, आणि भारतातील घराघरांत मात्र ते बालक अजूनही 'हट्टी झाले आहे, सारखे रडते' एवढ्यावरच निकाली निघते. कित्येकदा ते रडतही नाही. खूप दुखणारे मूल निपचित पडते, खेळणे सोडते, भिंतीकडे तोंड करते; आणि घरचे म्हणतात, 'आज शांत आहे.'

तीव्र वेदनेवरचे औषध मॉर्फिन. ते तोंडावाटे देता येते, स्वस्त आहे, आणि २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या मध्यम व तीव्र वेदनांसाठी त्याचीच शिफारस केली. मात्र ते अफूपासून बनते, म्हणून आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्याभोवती परवान्यांचे इतके कुंपण घातले, की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन हे परवाने सुटसुटीत करण्यात आले. पण कायदा बदलला तरी औषधांच्या दुकानातले आणि दवाखान्यातले भय बदलले नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी देखरेखीखाली अफूचे पीक निघते. जगाच्या वेदनाशामकांसाठी कच्चा माल पुरविणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. तरीही याच देशातील वेदनेने तळमळणारे मूल दोन चमचे औषधासाठी साठ किलोमीटर नेले जाते. या विसंगतीला काय म्हणावे?

येथे पालघर जिल्ह्यातीलच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २०१० च्या सुमारास टाटा स्मारक रुग्णालय आणि मुलांच्या उपशामक सेवेसाठी काम करणाऱ्या देशी-विदेशी संस्था यांनी महाराष्ट्रात एक प्रकल्प हाती घेतला. डॉ. मेरी ॲन मुकादन यांचा त्यात पुढाकार होता. मुंबईत शीवचे रुग्णालय निवडले गेले, आणि ग्रामीण केंद्र म्हणून निवड झाली ती जव्हारची. तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघरमध्ये आहे. डोंगर, पाडे, कुपोषण, पावसाळ्यात तुटणारे रस्ते अशा मुलखात गंभीर आजारी मुलांच्या घरी जाऊन सेवा देण्याचा तो प्रयत्न होता. जव्हारला जे कल्पिता आले, ते पाच-पाच मिनिटांनी गाडी सुटणाऱ्या विरारला का कल्पिता येऊ नये? वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज रुग्णालय तिच्या हाताशी आहे. एक डॉक्टर, दोन परिचारिका, एक समाजसेविका आणि एक वाहन एवढ्यावर फिरते पथक उभे राहते. मॉर्फिनचा साठा पालिकेच्या रुग्णालयात ठेवता येतो. ज्या पालिकेत रस्त्यांच्या निविदांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगतात, तेथे हा विषय एकदा तरी पटलावर यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

सारे शासनाने करावे, अशी भाषा मात्र फसवी आहे. केरळमध्ये १९९३ पासून कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उभे केले, त्याचा कणा सामान्य नागरिक आहेत. आठवड्यातून दोन तास देऊ शकेल अशा माणसाला प्रशिक्षण द्यावयाचे, आपल्याच वस्तीतील रुग्ण त्याच्याकडे सोपवावयाचे, आणि डॉक्टर-परिचारिकांनी त्याच्या पाठीशी उभे राहावयाचे, अशी ती रचना. पुढे तेथील पंचायतींनी ती उचलली आणि २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आखले. केरळच्या राजकारणाविषयी मतभेद कितीही तीव्र असोत, चांगले ते घेण्यास ते आड येऊ नयेत.

सेवेची परंपरा इकडेही आहे. रुग्णांना घेऊन रुग्णालयांच्या पायऱ्या झिजविणाऱ्या नाना पालकरांच्या निधनानंतर १९६८ साली त्यांच्या नावाची स्मृती समिती स्थापन झाली आणि परळला बाहेरगावच्या रुग्णांना निवारा मिळाला. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेने कर्करोगग्रस्त मुलांसाठी कुटुंबासह राहण्याची विनामूल्य सोय केली. बिहार-बंगालमधून आलेल्या मुलाला या छपरांनी सावली दिली. विरारचे मूल मात्र कागदोपत्री 'मुंबईचे'. त्याला घर आहे, म्हणून त्याला निवाऱ्याची गरज नाही असे धरले जाते. रेल्वेमार्गाच्या एका टोकाला सेवा संघटित झाली आहे, दुसऱ्या टोकाला ती प्रत्येकाच्या चांगुलपणावर सोडलेली आहे.

२०२१ मध्ये मुंबईतील एका बालिकेच्या दुर्मीळ स्नायुविकारावरील सोळा कोटींच्या औषधासाठी देशभरातून लोकवर्गणी जमली, केंद्र सरकारने कोट्यवधींचा कर माफ केला. समाजाचे हृदय जागे आहे याचा तो पुरावा होता. पण पैसा एकदाच द्यावयाचा असतो, वेळ मात्र पुनःपुन्हा. गणेशोत्सव मंडळांच्या रक्तदान शिबिरांचेही तसेच. उत्सवात शेकडो बाटल्या रक्त जमते, छायाचित्रे छापून येतात. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलाला बिंबिका, म्हणजे प्लेटलेट लागतात, आणि त्या पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. भाद्रपदातले शिबिर त्याला माघात उपयोगी पडत नाही. त्याला हवा असतो मंगळवारी दुपारी दूरध्वनी येताच कामावरून निघून, यंत्राला जोडून घेऊन तासभर स्वस्थ बसणारा रक्तगट जुळणारा तरुण. विरारच्या प्रत्येक मंडळाने अशा वीस तरुणांची यादी रक्तगटासह तयार ठेवली, तर त्या वर्षी देखाव्याला रोषणाई थोडी कमी झाली तरी चालेल.

वडिलांच्या नोकरीचा प्रश्न सर्वांत अवघड. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची रजा मिळते, आणि राज्य शासनानेही २०१८ मध्ये १८० दिवसांची तरतूद केली. वालीव-सातिवलीच्या गाळ्यात यंत्रावर उभ्या राहणाऱ्या बापाला यांतले काहीही नाही. कामगार विमा योजनेचा आजारपणाचा भत्ता स्वतः कामगार आजारी पडला तर मिळतो. त्याचे मूल आजारी असणे हे कायद्याच्या दृष्टीने त्याचे आजारपण नव्हे. महिन्यात चौथा खाडा झाला की मालक दुसरा माणूस पाहतो. मग आई एकटीच परळला जाते, थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्यापाशी बसते, आणि कित्येक घरांत एके दिवशी उपचारच अर्धवट सुटतात. बरे होऊ शकणारी मुले आपल्याकडे अशीही गमावली जातात. टाटा रुग्णालयाने समाजसेवक नेमून, निवारा आणि आहार पुरवून, तारीख चुकविणाऱ्या पालकांना स्वतःहून दूरध्वनी करून हे प्रमाण पुष्कळ खाली आणले. गोरगरीब आई-बाप उपचार सोडतात ते अज्ञानाने नव्हे, तर दमून, हे त्यातून सिद्ध झाले.

एकत्र कुटुंबपद्धती होती तेव्हा हे सारे आपोआप होत असे, असे भाषणांतून नेहमी सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. त्या वाड्यांत आजारी मुलाची सेवा बहुधा एकाच सुनेच्या वाट्याला येई आणि अपशकुनाचा बोलही तिलाच लागे. तरीही चार हात होते, हे खरे. विरारच्या इमारतीत आज चार हात नाहीत. चाळीस सदनिका आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळावरून तास-तास वाद होतात. त्याच सभेत आजारी मुलाचे घर तळमजल्यावरच्या रिकाम्या सदनिकेत वर्षभरासाठी हलविता येईल का, रात्री गाडी काढण्याची पाळी कोणाकोणाची, त्या घरापुढच्या जिन्यात फटाके वाजवावयाचे की नाही, हे ठरू शकते. काही इमारतींतून अशा पाळ्या लावलेल्या असतात आणि त्याची बातमी कोठेही येत नाही.

मूल गेल्यानंतरचे घर हा तर वेगळाच विषय. तेराव्यापर्यंत माणसांची वर्दळ असते. चौदाव्या दिवशी भाड्याचे प्राणवायू यंत्र परत न्यायला माणूस येतो, उरलेली औषधे कोणाला द्यावीत हे कळत नाही, थोरली मुलगी शाळेत पुन्हा जाऊ लागते आणि तिला वर्गात काय सांगावे हे शिक्षकांना सुचत नाही. उपशामक सेवेची चांगली पथके यानंतरही काही महिने त्या घरी जातात. आता तेथे तपासण्यासारखे कोणी उरलेले नसते. आईपाशी बसावयाचे, ती बोलली तर ऐकावयाचे, आणि बहिणीची शाळेची वही पाहावयाची, एवढेच काम असते.